थोरल्या बैठकीतली हाक

दादानं त्या रात्री हाका किती मारल्या?

एवढंच मी विचारलं होतं. थोरल्या बैठकीला ज्यांच्या भिंती लागून आहेत, त्या सगळ्या घरी गेलो आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून विचारलं. कोणी म्हणालं, आम्ही शेतात झोपायला गेलो होतो. कोणी म्हणालं, पंखा फार वाजतो, काही ऐकू येत नाही. केशरबाई म्हणाली, मी दिवेलागणीलाच आडवी झाले बाबा, मला काय ठावं. तिच्या अंगणात शेळीची दोन पिल्लं उड्या मारत होती. एकाचा पुढचा पाय पांढरा होता. ती त्या पिल्लांकडं बघत बोलली, माझ्याकडं नाही. रामराव तात्यांनी तर मला आत बोलावून चहा पाजला. उत्तर दिलं नाही.

हाक मारली का, असं मी विचारलं नाही. मारलीच असणार. दादा छातीपर्यंत मातीत गाडला गेला होता. तोंड मोकळं होतं.

थोरली बैठक म्हणजे आमच्या गावची सभेची, लग्नाची, सप्ताहाची जागा. परतूर तालुक्यात अशी दुसरी नाही, असं म्हातारी माणसं सांगत. निजामाच्या राज्यात गावानं अंगमेहनतीनं बांधली. दगडी भिंती, सागवानी खांब आणि वर माळवद. ज्यांनी माळवद पाहिलं नसेल त्यांना सांगतो. तुळयांवर कड्या, म्हणजे बारीक आडवी लाकडं, कड्यांवर फळ्या आणि त्यावर पांढरी माती, असं ते सपाट छप्पर असतं. उजेडासाठी मधोमध एक भोक ठेवतात, त्याला सवणं म्हणतात. पावसानं माती धुपते, म्हणून मिरगाच्या आधी दरसाल वर नवी माती टाकावी लागते.

आपल्या घरावर जो तो टाकतो. बैठकीवर सगळं गाव टाकायचं. घरटी एक पाटी. जुन्या गावठाणाच्या टेकाडावरून माती आणायची, हलगी वाजवत शिडीनं वर चढायचं आणि आपल्या घराच्या नावानं पाटी पालथी करायची. घरात नवी सून आली असली तर त्या साली पाटी तिच्या डोक्यावर. ती माती म्हणजे त्या घराचा गावातला वाटा. एकदा टाकलेली पाटी कोणी खाली आणत नसे. ज्याला गावानं वाळीत टाकलं, त्याचीच पाटी उतरवायची रीत होती. म्हणून माती उतरवणं हा शब्दसुद्धा कोणी बैठकीजवळ काढत नसे.

असं सत्तर वर्षं चाललं. पावसानं जेवढी जायची त्याहून जास्त वर पडायची. मी लहानपणी वर पतंग धरायला चढलो तेव्हा कठड्याचा दगड माझ्या छातीला लागायचा. मोठा झालो तर तो घोट्याला लागायला लागला. मला वाटायचं, मी वाढलो.

किल्लारीला भूकंप झाला त्या पहाटे आमच्याकडं नुसती भांडी वाजली. पण बैठकीची मधली तुळई तडकली. सरकारी माणसं आली, बघून गेली, कुलूप घाला म्हणाली. अडीच वर्षं कुलूप राहिलं. लग्नं उन्हात मंडप टाकून व्हायला लागली, खर्च वाढला, सप्ताह शाळेच्या व्हरांड्यात गेला. शहाण्णव साली गावानं ठरवलं की मिरगाच्या आधी बैठक उघडायची. तुळईला खालून टेकू देऊ, भिंतीला चुना लावू आणि उघडायच्या दिवशी दोन वर्षांच्या राहिलेल्या पाट्याही एकदमच टाकू. घरटी दोन, आणि या सालची एक.

त्या सभेत दादा उठला. माझा थोरला भाऊ, धुळाजी. गवंड्याच्या हाताखाली काम करायचा. आमची मेंढरं आज्याच्या काळातच गेली, तेव्हापासून आमच्या घरात घमेलं आलं. दादाच्या घमेल्याचा एक कान तुटला होता, तिथं त्यानं तार वळून लावली होती. त्याची एक सवय होती. काम संपलं की घमेलं धुवून पालथं घालायचं. काम उरलं असेल तर सुलटं ठेवून यायचं. वहिनी, म्हणजे इंद्रायणीवहिनी, त्यावरून त्याला चिडवायची की घमेलं सुलटं असलं की माणूस घरी येऊनही घरी नसतो.

दादा सभेत म्हणाला, वर आणखी टाकू नका, आधी निम्मी उतरवू, मग उघडू.

लोक हसले. रामराव तात्या मधोमध बसले होते. ते गावातले मोठे. त्यांचा वाडा नाही, साधंच घर आहे, पण त्यांचा शब्द चालतो. त्यांचं घर बैठकीच्या भिंतीला भिंत लावून. ते हसले नाहीत. ते म्हणाले, "माझ्या आज्याची पाटी हाये वर. ती उतरवायला हात कसा उठंल रे तुझा?"

मागून कोणीतरी म्हणालं, "लई भार वाटून राह्यला तर तुझी तू उतरव."

मग फारच हसले. मी दादाचा सदरा धरून त्याला खाली बसवला. मला लोकांची लाज वाटली.

त्यानंतर वैशाखातली आवस आली. मी वहिनीला आणि पोराला आणायला टेंभुर्णीला गेलो होतो, तिच्या माहेरी. शनिवारी दुपारी आम्ही गावात उतरलो तर बैठकीचं दार उघडं, आणि दादा बाहेर चादरीखाली. शुक्रवारी रात्री तो एकटाच फावडं-घमेलं घेऊन माळवदावर चढला होता. दिवसा कोणी उतरवू दिली नसती. कोपऱ्याकडची एक बाजू त्याच्यासकट खाली आली. सकाळी पुंजारामनं पाहिलं. पुंजाराम म्हणजे गावचा कोतवाल, बैठक झाडायचं काम त्याच्याकडं.

दादाच्या शेजारी सागवानाच्या दोन कड्या पडल्या होत्या. माळवद पडलं म्हणजे कड्या पडणारच. पण लोक दादाकडं बघत आणि मग त्या कड्यांकडं बघत. सागवानाचा भाव सगळ्यांना ठाऊक होता. चोर हा शब्द कोणी तोंडातून काढला नाही. काढायची गरजही नव्हती. दादानं कड्या काढायला छप्पर उकरलं असं ठरलं की छप्पर मजबूत ठरत होतं. मग बैठक उघडायला काही अडचण नव्हती.

वहिनी रडत रडत म्हणत होती की माझा नवरा तसला नाही, बिरूभाऊ, सांगा की यांना. मी मान खाली घातली. का घातली ते मला आजही सांगता येत नाही. पण एवढ्या लोकांत सख्ख्या भावानं मान खाली घातली म्हणजे त्यानं कबूल केलं, असंच झालं.

दादाच्या नखांत पांढरी माती होती. त्याचं घमेलं सापडलं नाही. ढिगारा उपसला, कोपरा नवा बांधून काढला, उपसलेली माती पुन्हा वर टाकली, तरी सापडलं नाही. लोक म्हणाले, कोणी नेलं असेल.

आता ती रात्र सांगतो.

पाच जून, बुधवार. दुसऱ्या दिवशी गुरुवारी सकाळी बैठक उघडायची होती. दुपारी पुंजाराम घरी आला आणि म्हणाला, "बिरू, परतूरला जाऊन ये जल्दी. गॅसबत्तीचे मेंटल आण. लाइटीचा काय भरवसा न्हाई." मी गेलो. दादा गेल्यापासून मला कोणी काही काम सांगितलं तर मी नाही म्हणत नव्हतो. माणसं आपल्याला काम सांगतात म्हणजे आपल्याला गावात धरतात, असं वाटायचं.

परतूरच्या बाजारात मेंटल घेतले. वहिनीच्या पोरासाठी शेवचिवडा घेतला. शेवटची जीप मिळाली. फाट्यावर उतरलो तेव्हा दिवस बुडून गेला होता. फाट्यापासून गाव जवळ आहे. कापसासाठी नांगरलेली काळी रानं दोन्हीकडं, मधून रस्ता. वारा पडला होता. गावात लाइट नव्हती. जेवणं उरकून लोक अंगणात बाजा टाकत होते.

बैठकीच्या ओट्यावर तात्या बसले होते आणि त्यांच्याभोवती पाच-सहा पोरं. उद्याच्या मंडपाची बांबू-दोरी राखायला त्यांना बसवलं होतं. कंदील बारीक करून खांबामागं ठेवला होता, त्यामुळं तोंडं जेमतेम दिसत होती. बैठकीच्या दाराला कुलूप होतं. किल्ली तात्यांच्या कमरेला. मी भिंतीच्या कडेनं आलो. पुंजाराम नव्हता, म्हणून त्याची वाट बघत अंधारात उभा राहिलो. माझं कोणाला कळलं नाही. खरं सांगायचं तर मी कळू दिलं नाही. मला बघितलं की लोक बोलायचे थांबायचे. चाललेलं बोलणं थांबू नये असं वाटलं.

पोरं तात्यांना म्हणत होती, भुताची सांगा. एक जण म्हणाला, "रात्री हाक आली तर तिसऱ्या हाकेबिगर ओ देऊ न्हाई म्हणतात. कामून?"

"तुझ्या आजीला विचार."

"आजी म्हणती तिसरी हाक माणसाचीच असती. भुताला तीन येत न्हाईत."

"मंग त्याला शाळा कमी पडली आसंल तुझ्यासारखी," दुसरा म्हणाला, आणि हसले सगळे.

तात्या हसले नाहीत. त्यांनी तंबाखू मळली, दाढेला धरली.

"हे ऐकलेलं न्हाई," ते म्हणाले. "माझ्या वळखीच्या माणसावर आलेलं हाये. माझ्याच उमरीचा. भोकरदनकडं ऱ्हातो. नाव इचारू नका."

पोरं सरकून जवळ बसली.

तात्या सावकाश सांगत होते. त्या माणसाचं घर अशाच एका जुन्या बैठकीला लागून. ती बैठक बंद पडलेली. आवसेची रात्र होती, शुक्रवार. उकाडा फार, म्हणून तो अंगणात बाजेवर पडला होता. लाइट गेलेली. शेजारच्या घरी शेळी विणार होती, म्हणून शेजारची बाई कंदील लावून गोठ्याजवळ बसली होती. तेवढाच उजेड. बारा वाजून गेले असतील. आणि बंद बैठकीच्या माळवदावर काहीतरी वाजायला लागलं.

"कसं?" पोरानं विचारलं.

"फावड्यावानी. खर्र… मंग थांबायचं. मंग खर्र… त्याला वाटलं कुत्रं माती उकरून राह्यलं. कुशीवर झाला. लई येळ चाललं ते. त्याचा डोळा लागला. आन एकदम… धप्प."

एका पोरानं मान वळवून बैठकीच्या दाराकडं बघितलं.

"भिंतीवरून धुरळा आला. बाजेवर, तोंडावर, सगळीकडं. पांढरा. मंग काहीच न्हाई. कुत्रं न्हाई, किडा न्हाई. त्यानं शेजारी बघितलं. बाईनं कंदील इझवला होता."

"आन शेळी?"

"येली की. दोन पिल्लं दिली. एकाचा पुढचा पाय पांढरा…"

तात्या तिथं थांबले. सांगणारा माणूस गोष्टीत रंग भरायला एखादी गोष्ट सांगून जातो, तसं ते बोलून गेले होते. मग त्यांना ते कळलं असावं. पोरांना काही कळलं नाही. ती पिल्लं गावात सगळ्यांनी पाहिली होती, पण त्यांचं लक्ष हाकेकडं होतं.

मी भिंतीला हात टेकला. भिंत दिवसभराच्या उन्हानं अजून गरम होती. त्याच भिंतीच्या आतल्या अंगाला दादा होता. छातीपर्यंत.

"मंग?" पोरं म्हणाली.

"मंग हाक आली."

"काय म्हणून?"

"त्याचं नाव. सवण्यातून आली. त्याचंच नाव घेऊन. आवाज माणसाचा न्हवता… तोंडात माती घेऊन बोलल्यावानी. तो उठून बसला. बायकोनं आतून येऊन तोंडावर हात ठिवला त्याच्या. एक झाली, म्हणली. थांबा."

तात्यांनी श्वास घेतला.

"मंग दुसरी आली. पहिलीहून बारीक."

एका पोरानं शेजारच्याचा हात धरला.

"तो बसला. चपला घातल्या त्यानं. घातल्या, देवाशप्पथ. चपला घालून बाजेवर बसला. तिसरी आली आसती तर गेला आसता… बराबर गेला आसता… पहाटंपर्यंत बसला."

"आन तिसरी?"

"आली न्हाई."

पोरांनी श्वास सोडला. त्यातला लहानगा म्हणाला, "वाचला म्हणायचा मंग."

तात्यांनी तंबाखू थुंकली. मग हळू म्हणाले, "हाव. वाचला."

मला राग यायला पाहिजे होता. मी रागीट आहे, सगळं गाव सांगेल. बैलाला दगड मारून मग रडणारा माणूस आहे मी. त्या वेळी माझ्या हातात काही असतं तर काय केलं असतं ते मला माहीत नाही. पण राग आला नाही. लाज आली. तात्यांची आली, केशरबाईची आली आणि माझी स्वतःची आली. कारण आम्हा दोघा भावांना आमच्या आईनं हेच शिकवलं होतं. रात्रीची हाक आली तर एकीला नाही, दुसरीला नाही. तिसरीला ओ द्यायची. तात्यांच्या जागी मी असतो तर मीही चपला घालून बसून राहिलो असतो. दादाही बसला असता.

आणि मग मला ते कळलं. दादाला नियम ठाऊक होता. तिसरी मारल्याशिवाय कोणी येणार नाही, हे त्याला आत मातीत ठाऊक होतं. छातीवर माती. दोन मारल्या. तिसरीसाठी तो श्वास साठवत होता.

मी तोंडात शर्टाची बाही धरली.

 पोरांना अजून एक गोष्ट हवी होती, पण तात्यांचा चेहरा बघून कोणी मागत नव्हतं. कुठंतरी बाज करकरली. मग तेही थांबलं. वारा नव्हताच. आता रातकिडेही नव्हते.

आत काहीतरी सांडलं. वाळू सांडते तसं. थोडंसं.

लहानगा म्हणाला, "मांजर."

कुलूप होतं. दार लावलेलं होतं.

पुन्हा सांडलं…

आणि हाक आली.

वरून आली. सवण्यातून. जड, बारीक, तोंडात माती असल्यासारखी. पण शब्द स्पष्ट.

"रामराव तात्या…"

पोरं दगड झाली. लहानग्यानं एक बोट वर केलं. तो मोजत होता. एक.

ती एक नव्हती.

मला कळलं. आणि तात्यांनाही कळलं. ती पहिली नव्हती. दोन आवसेलाच झाल्या होत्या. ही तिसरी होती.

तात्यांनी तोंड उघडलं. आवाज निघेना. ओठ हलत होते, ओ एवढंच म्हणायचं होतं, एका अक्षराचं काम. निघेना. त्यांचा पाय ओट्याखाली अंधारात चाचपत होता. चपला शोधत होता. एक सापडली. दुसरी सापडेना.

तिसऱ्या हाकेला ओ दिली नाही तर काय होतं, ते कोणी सांगत नाही. तसं कधी झालेलंच नाही.

मी भिंतीपासून पुढं आलो.

"ओ," मी म्हणालो. "ओ, दादा. तात्या उठून राह्यलेत. तवर मी आलो."

एक पोरगं ओरडलं आणि पळालं. बाकीची एकमेकांना धरून बसली. तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी किती वेळ तिथं उभा होतो ते त्यांच्या डोळ्यांत आलं. त्यांनी कमरेची किल्ली सोडून माझ्या हातात दिली. हात गार होता.

मी कंदील मोठा केला. कुलूप उघडलं. आत गेलो.

बैठक रिकामी होती. टेकू उभे होते. भिंतींचा नवा चुना उजेडात चमकत होता. संध्याकाळी केशरबाईनं सगळी जमीन शेणानं सारवली होती, वास अजून ओला होता. त्यावर एक पाऊल नव्हतं. माझीच पावलं मागं उमटत होती. मी त्या कोपऱ्याकडं गेलो. मोठ्यानं म्हणत गेलो, आलो दादा, आलो. म्हणायचं म्हणून नाही. थांबलो असतो तर पाय उचलले नसते.

कोपऱ्यात घमेलं होतं.

एका कानाला तार वळलेली. आत पांढरी माती. सुलटं ठेवलेलं.

मागं आवाज झाला. तात्या आत आले होते. एका पायात चप्पल, एक पाय उघडा. ते घमेल्याजवळ आले, वाकले आणि वाकलेलेच राहिले. मला वाटलं, आता सांगतील. मी विचारलंही पुन्हा, किती मारल्या तात्या?  नुसता कोपऱ्यातल्या भिंतीला हात लावून उभे राहिले. मग म्हणाले, "चल बाबा, घरी इंद्रायणी एकली आसंल."

मी घरी गेलो. मेंटल कुठं पडले ते मला आठवत नाही. पोराचा शेवचिवडा खिशात तसाच होता.

सकाळी हलगीवाला आला. टेकाडावरून माती भरून आणलेल्या पाट्या दारोदार तयार होत्या, घरटी तीन. बायांनी चांगली लुगडी नेसली होती. सगळं गाव बैठकीपुढं जमलं, आणि शिडीवरून तात्या खाली उतरत होते. डोक्यावर पाटी. भरलेली.

लोकांना आधी वाटलं, चढून राह्यलेत. मग दिसलं, उतरून राह्यलेत.

पुंजाराम पुढं झाला. "तात्या, उलटं चाललं की."

तात्या म्हणाले, "माझ्या घरची हाये. उतरवली."

तात्यांनी ती पाटी शिडीपाशी ओतली आणि पुन्हा चढायला लागले. हलगीवाल्यानं काठी वर धरली होती, ती तशीच राहिली. मग केशरबाईनं आपल्या तिन्ही पाट्या दारातच पालथ्या केल्या, एक रिकामी उचलली आणि शिडीकडं गेली. तिच्यामागं तिची सून. माझ्याजवळून जाताना तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. पण चालता चालता माझ्या पाठीवरून हात फिरवून गेली, शेळीवरून फिरवतात तसा.

मग एकेक घर. हलगी न वाजता, एकमेकांशी न बोलता. आपल्या आज्याची, पणज्याची माती लोक खाली आणत होते आणि कोणीच कोणाला वाळीत टाकत नव्हतं. सगळ्यांचीच उतरत होती. त्या दिवशी बैठक उघडली नाही. माती संपायला बरेच दिवस लागले. मिरगाचा पाऊस लांबला तेवढं बरं झालं. मधल्या तुळईवरची माती निघाली तेव्हा ती या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटलेली दिसली. हात जाईल एवढी भेग. पुंजारामनं तीत बोटं घालून पाहिली आणि काढून घेतली. सागवानाबद्दल त्यानंतर कोणी बोललं नाही. आमची चूक झाली, असंही कोणी म्हणालं नाही. वहिनीच्या दारात मात्र कोणीतरी ज्वारीचं पोतं ठेवून गेलं. मग दुसरं कोणीतरी. वहिनीनं दोन्ही परत न्यायला सांगितलं. कोणी नेली नाहीत.

घमेल्याला कोणी हात लावला नाही. सगळे दिवस ते कोपऱ्यात तसंच सुलटं होतं. लोक त्याला वळसा घालून जात.

शेवटची पाटी आमच्या घरची होती. मी मुद्दाम मागं ठेवली होती. ती आणायला वहिनी स्वतः चढली. लग्न होऊन आली त्या साली पहिली पाटी तिनंच टाकली होती. ती उतरली, शिडीपाशी बसली आणि तोंडात पदर घेतला. मी आत गेलो.

घमेल्यातली माती ओंजळीनं बाहेर काढली आणि ढिगावर टाकून आलो. पाणी आणून घमेलं धुवायला उचललं.

त्याच्याखाली जमीन सारवलेली नव्हती. एवढा एक गोल, घमेल्याच्या बुडाएवढा, कोरडा, पांढरा. शेणाचा हात त्याच्या कडेनं गोल वळून गेला होता, मधे ठेवलेल्या वस्तूला चुकवून गेल्यासारखा. मी केशरबाईला बोलावून दाखवलं. ती बघत राहिली. म्हणाली, "मी हितून हात फिरवलाय बिरू. हित्तंच बसून फिरवलाय. काहीच न्हवतं हितं."

मी घमेलं धुतलं. तार घट्ट केली. त्याच गोलावर नेऊन पालथं घातलं.